चिखलातला राक्षस आणि विहिरीतला गिऱ्हा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तो लोकांच्या कानांवर चार शहाणपणाच्या गोष्टी पडाव्यात म्हणून. त्याच परंपरेतल्या एका व्यासपीठावर उभे राहून चिखलातून उठणाऱ्या राक्षसाविषयी बोलायचे, म्हणजे वक्त्याची विषयाची निवड चुकली की काय, अशी शंका आपणांस येईल. त्यातून पंचाईत अशी की, ज्या चित्रपटांपासून मी सुरुवात करणार आहे त्यांतले काही मुळीच चांगले नाहीत. ते पडले, आणि पडावे अशाच योग्यतेचे होते. परंतु यशस्वी गोष्टींचा इतिहास पुष्कळ जण लिहितात. फसलेल्या गोष्टींच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, आणि माणसाच्या मनाचा ठाव घ्यायचा तर पुष्कळदा त्याच अधिक उपयोगी पडतात.

असा एखादा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. पहिला तासभर नुसते धुके, बेडकांचा आवाज आणि पाण्यावर उठणारे बुडबुडे. कोणीतरी किंचाळते, पण काय दिसले ते आपल्याला दाखवीत नाहीत. आपण खुर्चीत सावरून बसतो. शेवटी एकदाचा तो चिखलातला राक्षस सबंध बाहेर येतो, आणि पाहतो तो काय, रबराचा अंगरखा घातलेला एक माणूस अवघडून चालतो आहे! थिएटरात हशा पिकतो. मागच्या बाकावरची पोरे शिट्या मारतात. खेळ सुटतो आणि मंडळी घराकडे निघतात. आता मौज पाहा. राक्षसाला खदखदा हसलेला हाच मनुष्य वाटेत एखादी पडकी विहीर लागली की पाऊल उचलतो आणि विहिरीकडे पाहायचे टाळतो. तेथे राक्षस नाही, धुके नाही, पार्श्वसंगीतही नाही. मग ज्याच्यावर हजारो रुपये खर्च झाले त्याला तो का हसला, आणि ज्याच्यावर कोणी कवडीही खर्च केली नाही त्याला का भ्याला? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

प्रथम या चिखलातल्या राक्षसाचे कूळ पाहू. त्याचा मूळ पुरुष १९५४ साली अमेरिकेत जन्मला. युनिव्हर्सल कंपनीने काढलेल्या आणि जॅक अर्नॉल्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटाचे नाव 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून', म्हणजे काळ्या डोहातला प्राणी. निर्माते विल्यम अॅलंड यांना ही कल्पना सुचली ती एका मेजवानीत ऐकलेल्या गोष्टीवरून. गॅब्रिएल फिगेरोआ नावाचे मेक्सिकोतले नामांकित छायाचित्रकार त्या पंगतीला होते, आणि अॅमेझॉनच्या काठी राहणाऱ्या अर्ध्या माणसाची नि अर्ध्या माशाची गोष्ट त्यांनी सांगितली. म्हणजे या राक्षसाची नाळही अखेर लोकांच्या तोंडी असलेल्या कथेशीच जुळलेली होती, हे ध्यानात ठेवावे. त्याचे खवले आणि कल्ले घडवले मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने, आणि श्रेय गेले तिच्या खात्याच्या पुरुष प्रमुखाला. तिचे नाव लोकांपुढे नीट यायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. जमिनीवर तो वेष एका नटाने घातला आणि पाण्याखाली रिकू ब्राउनिंग नावाच्या पोहणाऱ्याने. पाठीवर हवेची नळकांडी न घेता, दम कोंडून तो ज्या सहजतेने पाण्यात फिरतो ते पाहिले की वेषाचे रबर आपण विसरून जातो.

तो चित्रपट चालला, त्याचे दोन पुढचे भागही निघाले. तो दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दाखवून खोलीचा भास देणाऱ्या चष्म्याच्या तंत्राने काढला होता म्हणून चालला, असे काही जण म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. त्या कथेत एक न्यायाचा प्रश्न आहे. डोह त्या प्राण्याचा; त्यात बंदुका, भाले आणि मासे गुंगवण्याचे विष घेऊन शिरतात ती माणसे. प्रेक्षक भितो, पण मनाच्या एका कोपऱ्यात त्याला त्या प्राण्याची कीवही येते. भीतीत कणव मिसळली की ती घरापर्यंत सोबत येते.

पुढे काय झाले ते आपल्याकडच्या कोणत्याही धंद्यात होते तसेच. एका दुकानात माल खपला की शेजारी दहा दुकाने निघतात, आणि प्रत्येक दुकानात माल थोडा हलका होत जातो. साठच्या दशकात टेक्सासमधल्या लॅरी बुकॅनन या दिग्दर्शकाने दूरचित्रवाणीसाठी अगदी कमी पैशांत 'कर्स ऑफ द स्वाम्प क्रीचर', म्हणजे दलदलीतल्या प्राण्याचा शाप, नावाचा चित्रपट काढला. कथा १९५७ च्या एका दुसऱ्या चित्रपटावरून उचललेली. नायक जॉन अॅगर, ज्याने १९५५ साली मूळ डोहातल्या प्राण्याच्या दुसऱ्या भागात काम केले होते. चित्रण झाले कॅडो सरोवराच्या काठी, अन्सर्टन नावाच्या गावी. या शब्दाचा अर्थच 'अनिश्चित'. चित्रपटाला याहून समर्पक गाव मिळणे कठीण. राक्षस दिसतो तो अगदी शेवटी, आणि त्याचे डोळे टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापून बसवल्यासारखे. विशेष असे की दलदल मात्र खरी आहे. पाणी खरे, झाडे खरी, त्यांवरून लोंबणारे शेवाळ खरे. चिखल खरा असूनही राक्षस खोटाच राहिला. तेव्हा पैसा कमी होता म्हणून तो फसला, एवढ्या उत्तराने भागत नाही. त्या चिखलात कोण मेले, कोणाचे काय येणे राहिले, याचा त्या कथेत पत्ताच नाही, हे खरे उणे आहे.

आता हा विचार घेऊन आपल्या मुलखात या. आमचा सोलापूर जिल्हा दलदलीसाठी प्रसिद्ध आहे असे कोणी म्हणणार नाही. पावसाची वाट पाहण्यात येथल्या पिढ्या गेल्या. काळ्या रानात दोन दिवस झड लागली की गाडीचे चाक आऱ्यापर्यंत रुतते, आमची दलदल ती एवढीच. अशा कोरड्या मुलखात पाण्याचे भय कमी असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते अधिक आहे. पाणी जेथे थोडे तेथे ते खोल असते. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांच्या नावाशी जोडलेला सोलापुरातला तलाव, १८७१ च्या सुमारास पुरा झालेला एकरुखचा तलाव, रानोरानीच्या खोल विहिरी, दगडाच्या सोडून दिलेल्या खाणी: येथे पाण्याकडे जायचे म्हणजे खाली उतरायचे, आणि पोहता येणारी माणसे मोजकी. त्यामुळे ज्या गावात नदी नाही तेथेही 'त्या विहिरीवर तिन्हीसांजेला जाऊ नये' ही ताकीद असतेच.

त्या ताकिदीला आपल्या लोकांनी नावे दिली. विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड आपण पाहिले असतील, त्या साती आसरा. आसरा म्हणजे अप्सरा, आणि अप्सरा या शब्दात 'अप्', म्हणजे पाणी, आहे. वेदकाळच्या अप्सरा आमच्या मोटेच्या विहिरीवर येऊन राहिल्या, आणि येताना स्वर्गातला शृंगार तेवढा मागे ठेवून आल्या. त्यांना हिरवा खण, हळदकुंकू आणि थोडा नैवेद्य पुरतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासची मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली आणि १९६२ च्या आपल्या ग्रंथात त्या ठाण्यांतून प्राचीन समाजाच्या वाटा शोधल्या. शेंदराच्या दगडाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायला त्यांनी आम्हांला शिकवले.

आसरा देवता ठरल्या. गिऱ्हा मात्र भूतच राहिला. पाण्यात बुडून मेलेल्या माणसाचा गिऱ्हा होतो, अशी कोकणात समजूत. त्याची नोंद छापून झाली तिची कथा ऐकण्यासारखी आहे. ए. एम. टी. जॅक्सन नावाचे इंग्रज अधिकारी लोकसमजुतींविषयी प्रश्नावल्या तयार करून गावोगाव पाठवीत, आणि त्यांना उत्तरे लिहून धाडीत ते बहुतांशी गावचे शाळामास्तर. हेच जॅक्सन नाशिकचे कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आले आणि अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडले. कान्हेरे फाशी गेले. जॅक्सन यांची जमवलेली टिपणे आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित करून १९१४ साली गुजरातचा आणि १९१५ साली कोकणचा भाग प्रसिद्ध केला. राज्यकर्ता आणि क्रांतिकारक दोघेही इतिहासजमा झाले. मधल्या मधे दाभोळ-मालवणच्या बाजूच्या साध्या शिक्षकांनी टाकाने लिहिलेला गिऱ्हा तेवढा कागदावर जिवंत राहिला.

त्या नोंदी आणि आपल्या आजीने सांगितलेल्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एक नियम स्पष्ट दिसतो. आमचे भूत नेहमी कोणाचे तरी असते. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती अलवंतीण. बुडून गेला, तो गिऱ्हा. विद्या मिळवली आणि तिचा विनियोग नीट केला नाही, तो ब्रह्मराक्षस. 'समंध' हा शब्द तर 'संबंध' याचेच बोलीतले रूप मानतात. ज्याचा संबंध सुटला नाही तो समंध. एकेका भुताच्या पोटात एकेक अपुरे आयुष्य आहे. आणि त्याची मागणीही ठरलेली: कोणाला लग्न हवे, कोणाला बाळ हवे, कोणाला नुसता दहीभाताचा मुटका हवा. माणसाच्या हातून जे द्यायचे राहिले तेच भूत मागते.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकले पाहिजे. पेशवे दप्तरात सरदारांच्या मृत्यूची तिथीवार नोंद सापडते. परंतु सासुरवासाला कंटाळून विहीर जवळ केलेल्या सोळा वर्षांच्या मुलीची नोंद कोणत्या दप्तरात आहे? मोट हाकताना तोल जाऊन गेलेल्या सालगड्याची? दुष्काळात घोटभर पाण्यासाठी खोल उतरलेल्या पोराची? कागदावर ती माणसे उतरली नाहीत. गावाने त्यांची नोंद ठेवली ती एवढीच की, 'त्या विहिरीत कोणीतरी आहे.' हे वाक्य खोटे आहे, कारण विहिरीत कोणी नाही. आणि ते खरेही आहे, कारण विहिरीत कोणीतरी होते. रात्री त्या वाटेने जाणारा मनुष्य पाऊल उचलतो त्याचे कारण हेच. तो राक्षसाला भीत नाही, गावाच्या हिशेबात राहिलेल्या बाकीला भितो.

आता ही कसोटी आपल्या पडद्यावर लावून पाहू. रामसे बंधूंनी १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' हा चित्रपट काढला, तो महाबळेश्वरी जाऊन, मोजक्या माणसांत आणि थोड्या पैशांत. त्याची कला फार बारीक होती असे मी म्हणणार नाही. परंतु त्यातले प्रेत खड्ड्यातून उठते ते आपल्या खुनाचा जाब विचारायला. बायकोने विश्वासघात केला, पुरून टाकले. येणे स्पष्ट आहे. लोकांनी तो उचलून धरला. पुढे १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी हा राक्षस तर एका घराण्याला शाप देऊन जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो शाप वसूल होतो. शहाणी मंडळी नाके मुरडीत राहिली आणि तालुक्याच्या थिएटरांवर पाट्या लागत राहिल्या. रंग भडक होते, मुखवटे ओबडधोबड होते, परंतु त्यांतल्या राक्षसाला आपले येणे काय आहे ते ठाऊक होते.

याउलट १२ सप्टेंबर २०१४ रोजी विक्रम भट्ट यांचा 'क्रीचर ३डी' हा हिंदी चित्रपट आला. बिपाशा बासू नायिका, हिमाचलातल्या जंगलात नवे हॉटेल, आणि पाहुण्यांना मारणारा एक प्राणी. डोहातल्या अमेरिकन प्राण्याला बरोबर साठ वर्षे झाली होती. नावात तोच शब्द, आणि डोळ्यांवर तसाच चष्मा. या वेळी रबराचा अंगरखा नव्हता, राक्षस संगणकावर घडवलेला होता. तो सरड्यासारखा दिसे आणि डरकाळ्या फोडी. मग कथेत कोणीतरी सांगतो की, हा ब्रह्मराक्षस आहे. येथे माझ्यासारख्या मराठी माणसाची निराशा होते. ब्रह्मराक्षस? आमचा ब्रह्मराक्षस पिंपळावर बसतो, वेद म्हणतो, वाटसरूला कूटप्रश्न घालतो. उत्तर दिले तर सोडतो, प्रसंगी धनही दाखवतो. त्याचे दुःख विद्येचे दुःख आहे. पडद्यावरच्या या प्राण्याला एक अक्षर बोलता येत नव्हते. परदेशी प्राण्याच्या गळ्यात देशी नावाची पाटी अडकवली होती, एवढेच. पाटी वाचून कोणी भीत नाही.

तारखांची एक गंमत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. या चित्रपटाच्या आदल्या दिवशी, ११ सप्टेंबर २०१४ रोजी, गजानन माधव मुक्तिबोध यांच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाली होती. मुक्तिबोध घरचे मराठी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे आपले मराठीतले कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. गजानन माधवांनी मात्र हिंदीत लिहिले, आणि त्यांच्या थोर कवितांपैकी एकीचे नाव 'ब्रह्मराक्षस'. त्या कवितेत गावाबाहेरची एक टाकलेली बारव आहे, आत खोल, थंड, काळे पाणी, आणि त्या पाण्यात बसलेला ब्रह्मराक्षस आपले अंग घासघासून धुतो आहे. मळ काही निघत नाही. सगळी शास्त्रे तोंडपाठ, आणि एकाही माणसाला त्यांचा उपयोग झाला नाही, हा तो मळ. मुक्तिबोधांनी लोकसमजुतीतला ब्रह्मराक्षस घेतला, त्याला पाण्यात उतरवले, आणि शिकलेल्या माणसाच्या अपराधाची आठवण करून त्याला कायमचा आमच्या मागे लावून दिला. संगणक नाही, चष्मा नाही. कवीने त्या भुताला त्याचे येणे विचारले, एवढे पुरले.

असेच विचारणारे चित्रपट आपल्याकडे पुढे निघाले. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून, आणि प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. धारपांनी स्वतः परदेशी भयकथांतून पुष्कळ घेतले. परंतु घेतलेल्या गोष्टीला त्यांनी माजघर दिले, ओटी दिली, अंगणातली तुळस दिली, म्हणून ती येथे रुजली. 'तुंबाड'मध्ये सतत पाऊस आहे, चिखल आहे, आणि भिंतीला चिकटून जगणारी एक आजी आहे. तळघरातल्या विहिरीत खाली उतरत गेले की लाल, ओलसर गर्भात हस्तर राहतो. त्याला धान्य हवे आहे आणि माणसाला त्याचे सोने हवे आहे. येणे-देणे इतके उघडे की भय कोणाचे वाटावे, हस्तरचे की विनायकरावाचे, हेच कळेनासे होते.

येथे मला माझ्याच मताविरुद्ध एक पुरावा मांडला पाहिजे. 'तुंबाड' व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा पहिला चित्रपट म्हणून दाखवला गेला. तो मान त्यापूर्वी कोणत्याही भारतीय चित्रपटाला मिळाला नव्हता. तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याकडे त्याला म्हणावी तशी गर्दी झाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लावला, तेव्हा मात्र पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न झाले. तेव्हा चांगल्या भुताला लगेच गिऱ्हाईक मिळतेच असे नाही. परंतु सहा वर्षांनी परत बोलावण्याइतके ते लोकांच्या लक्षात राहते. चिखलातल्या रबरी राक्षसाला सहा वर्षांनी कोण बोलावणार? त्याच २०२४ सालच्या जून महिन्यात आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' आला. हे भूतही संगणकानेच घडवलेले आहे, परंतु ते लग्न मागते. कोकणातल्या आजीने सांगितलेली मागणी शब्दशः तीच. मोठ्या नटांवाचून तो चित्रपट चालला. तेव्हा दोष संगणकाचा नाही आणि गुणही संगणकाचा नाही.

आता आपल्यातला एखादा विवेकी श्रोता उठून मला विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की महाराज, तुम्ही भुतांची तरफदारी करता काय? ज्या महाराष्ट्रात डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम उभे केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे गिऱ्हा-मुंजाचे गोडवे गायचे? माझे उत्तर स्पष्ट आहे. अंगात आले म्हणून मुलीला मारहाण करणारा, चेटकीण म्हणून विधवेला गावाबाहेर काढणारा, भूत उतरवण्याचे पैसे घेणारा, हे गुन्हेगार आहेत आणि त्यांची जागा तुरुंगात आहे. विहिरीत भूत नाही, हे मुलांना शाळेत शिकवलेच पाहिजे.

परंतु भूत काढून टाकताना एक काळजी घ्यावी लागते. भुताच्या आड जो मेलेला मनुष्य उभा होता तोही त्याबरोबर पुसला जाऊ नये. 'विहिरीत हडळ आहे' हे खोटे म्हणून सोडून द्यायचे असेल, तर 'या विहिरीत अमक्याच्या सुनेने जीव दिला, आणि गाव गप्प बसले' हे खरे वाक्य त्या जागी बोलण्याचे धैर्य हवे. तसेच, 'गिऱ्हा पाय ओढतो' ही भीती काढून घेतलीत तर सोडलेल्या खाणीभोवती कुंपण घातले पाहिजे आणि मुलांना पोहायला शिकवले पाहिजे. कारण गिऱ्हा खोटा असला तरी त्याची चाकरी खरी होती. कित्येक पिढ्यांची पोरे त्याने एकट्यादुकट्याने पाण्यात उतरू दिली नाहीत. पहारेकऱ्याला काढायचे आणि दार उघडे ठेवायचे, याला विवेक म्हणत नाहीत. दाभोलकरांचा विवेकही मला वाटते इतका कोरडा नव्हता.

शेवटी आपल्या कुंभारीकडे येतो. या गावाच्या नावात कुंभाराची आठवण ऐकू येते, म्हणून एक दृष्टान्त देतो. ओल्या मातीला हवा तो आकार देता येतो. पण ते मडके भट्टीतून निघाल्याशिवाय पाणी धरत नाही. पडद्यावरच्या पुष्कळ राक्षसांचे असेच होते. आकार भयंकर असतो, पण कोणाच्याही दुःखाच्या आचेतून तो गेलेला नसतो. पहिल्या पाण्याला विरघळतो.

आणि आच आपल्याकडे कमी नाही. याच कुंभारीच्या रानात विडी कामगार बायांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती २००६ साली. नंतर रे नगर झाले, आणि तीस हजारांपैकी पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये वाटल्या गेल्या. या घरांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा भाषा बोलल्या जातात, आणि प्रत्येक आजीने आपल्याबरोबर आपले भूत आणले आहे. आमच्याकडे भूत म्हणतात, तेलुगू शेजारीण दय्यम म्हणते, कानडी शेजारीण देव्व म्हणते. नाव निराळे, पण विचारून पाहा, 'ते कोणाचे?' तर तिन्ही आज्या एकाच पद्धतीने गोष्ट सांगू लागतील: 'एक बाई होती…' तंबाखूच्या धुळीत आयुष्यभर खोकलेल्या बायकांच्या, १८७७ पासून भोंगा वाजवून शेवटी मुक्या झालेल्या जुन्या गिरणीत राबलेल्या माणसांच्या गोष्टी अजून कोणी नीट लिहून घेतलेल्या नाहीत. जॅक्सनसाहेबाची प्रश्नावली आता येणार नाही. ती आपणच तयार केली पाहिजे, आणि शाळेतल्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या आजीपाशी बसून तिची उत्तरे वहीत उतरवली पाहिजेत.

उद्या आपल्यातल्याच एखाद्या मुलाने भयपट काढायचा मनात आणले, तर त्याला माझी एवढीच विनंती राहील. धुके, बेडूक आणि बुडबुडे मागाहून आणता येतील. प्रथम त्याने आजीला विचारावे की त्या विहिरीत कोण होते, आणि आपण त्याला काय देणे लागतो. उत्तर मिळाले तर राक्षस रबराचा असला तरी चालेल. कोणी हसणार नाही.